मॉकमध्ये सोडलेले प्रश्न

गेल्या आठवड्यात कऱ्हाडहून माझ्या मावसभावाचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा मुलगा यंदा कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएची प्रवेश परीक्षा, देणार आहे, आणि कॅटची तयारी करणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो तोच प्रश्न त्याने सुरुवातीलाच विचारला, "ताई, एकूण किती मॉक द्यायचे गं?" मॉक म्हणजे हुबेहूब खऱ्या परीक्षेसारखी सराव परीक्षा. त्याच्या वर्गातल्या एकाने चाळीस मॉकची मालिका विकत घेतली आहे, दुसऱ्याने दोन क्लासच्या मिळून साठांची सोय करून ठेवली आहे, आणि आपण पंधरावर थांबलो तर मागे पडू अशी धास्ती त्याच्या बोलण्यातून जाणवत होती. मी त्याला आकडा सांगितला नाही. सविस्तर लिहून पाठवते म्हणाले, आणि लिहायला बसल्यावर वाटले की त्याच्यासारख्या इतरांनाही याचा उपयोग होईल.

मी कॅट दोनदा दिली, २०२३ मध्ये आणि २०२४ मध्ये. पहिल्या वर्षी पुण्यात नोकरी सांभाळून जून ते नोव्हेंबर या काळात मी ३४ मॉक दिले. कपाटाच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवला होता आणि प्रत्येक मॉकनंतर त्यावर गुणांचा एक ठिपका काढत असे. जुलै-ऑगस्टमध्ये ती रेषा थोडी वर गेली आणि सप्टेंबरपासून जवळजवळ आडवी झाली. मॉक संपला की गुण बघायचे, बरे असतील तर हुरूप यायचा, वाईट असतील तर दुसऱ्याच दिवशी नवा मॉक द्यायचा आणि तो ठिपका भरून काढायचा, असा माझा क्रम होता. चुकलेल्या प्रश्नांची उत्तरे मी वरवर चाळत असे आणि "हे तर येत होते" असे म्हणून पुढे जात असे. परीक्षेत ८७ पर्सेंटाइल आले, म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्के मुले माझ्या मागे होती. दुसऱ्या वर्षी मी फक्त १९ मॉक दिले आणि ९८ पर्सेंटाइल आले. मधल्या वर्षात माझे गणित आणि वाचन सुधारले होते, त्यामुळे या वाढीचे सगळे श्रेय मॉक देण्याच्या पद्धतीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु त्या १९ मॉकनी मला जे शिकवले ते ३४ मॉकनी शिकवले नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकते.

ही परीक्षा आपल्या ओळखीच्या परीक्षांपेक्षा मुळातच वेगळी आहे, हे समजायला मला फार वेळ लागला. दोन तासांत तीन विभाग असतात आणि प्रत्येकाला चाळीस मिनिटे ठरवून दिलेली असतात. आधी इंग्रजी आकलन, मग माहितीचे विश्लेषण आणि तर्क, शेवटी गणित, हा क्रमही ठरलेला असतो आणि एका विभागातून दुसऱ्यात मध्येच जाता येत नाही. २०२४ मध्ये या तीन विभागांत अनुक्रमे २४, २२ आणि २२ असे एकूण ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ गुण, बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला उणे १, आणि ज्या प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचे असते, त्या टीटा प्रश्नांना उणे गुण नसतात. आता हा हिशेब बघा: एकूण गुणांपैकी साधारण निम्मे किंवा त्याहूनही कमी गुण मिळवणारा विद्यार्थी गेल्या काही वर्षांत ९९ पर्सेंटाइलच्या जवळ पोहोचला आहे. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार मुलांनी परीक्षा दिली, म्हणजे ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे फक्त तीन हजारांच्या आत मुले होती, आणि तरीही त्याने अर्ध्याच्या आसपास गुणांवर पाणी सोडलेले होते. याचा सरळ अर्थ असा की ही परीक्षा काढणाऱ्यांनीच गृहीत धरलेले आहे की तुम्ही बरेच प्रश्न सोडाल. कोणते सोडाल, हे ते तपासत असतात.

आणि आपल्याला तर सोडायचे नाही असेच शिकवलेले असते. सांगलीत माझे शिक्षण झाले. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला जाताना बाबांनी एकच गोष्ट बजावली होती, ती म्हणजे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, येत नसेल तरी सूत्र लिहून यायचे, पायऱ्यांचे गुण मिळतात. बोर्डाच्या परीक्षेसाठी तो सल्ला अगदी योग्यच होता. पण दहा-बारा वर्षे हाताला लागलेले ते वळण कॅटच्या पडद्यासमोर बसल्यावर आपोआप सुटत नाही. एखादा प्रश्न वाचला, थोडे आकडे मांडले, तीन मिनिटे गेली, की मग तो सोडताना जिवावर येते. इतका वेळ घातला आहे तर आता सोडवूनच पुढे जाऊ असे वाटते. माझ्या मते मॉकचा पहिला आणि सगळ्यांत मोठा उपयोग हे वळण मोडण्यासाठी आहे, आणि मॉकचा केवळ आकडा वाढवला तर ते मोडत नाही, उलट आणखी पक्के होते, कारण तीच चूक आपण दर आठवड्याला घड्याळ लावून गिरवत असतो.

मला हे ज्या दिवशी कळले तो दिवस आजही आठवतो. पहिल्या प्रयत्नाचा निकाल लागून गेला होता आणि मी जुने मॉक उघडून बघत होते. एका मॉकमध्ये तर्काच्या विभागात चार सेट होते, म्हणजे एकाच माहितीवर आधारलेल्या प्रश्नांचे चार गट. पहिला सेट सहा संघांच्या साखळी स्पर्धेचा होता: प्रत्येक संघ इतर पाच संघांशी एकदाच खेळणार, म्हणजे एकूण १५ सामने; जिंकल्यास ३ गुण, बरोबरी झाल्यास दोघांना एकेक, हरल्यास शून्य. सहाही संघांचे अंतिम गुण दिले होते, शिवाय काही त्रोटक अटी होत्या. मॉकच्या दिवशी मी सहा बाय सहाचा मोठा तक्ता काढला आणि एकेक सामना भरायला लागले. जर पहिल्या संघाने दुसऱ्याला हरवले असेल तर, नाहीतर, मग खोडा, पुन्हा भरा. त्या सेटवर माझी १७ मिनिटे गेली होती. पाच प्रश्नांपैकी एकाचे उत्तर दिले होते आणि तेही चुकले होते. उरलेल्या तीनपैकी दोन सेट तर मी उघडूनही पाहिले नव्हते.

या वेळी घड्याळ बाजूला ठेवून मी तोच सेट पुन्हा वाचला. सहा संघांच्या गुणांची बेरीज केली तर ती ४१ भरली. सगळे १५ सामने निकाली लागले असते तर ती ४५ व्हायला हवी होती, कारण निकाली सामन्यातून एकूण ३ गुण वाटले जातात आणि बरोबरीच्या सामन्यातून २. म्हणजे प्रत्येक बरोबरी बेरजेतून एक गुण कमी करते, आणि म्हणून बरोबरीत सुटलेले सामने ४. ही एक ओळ सुचली आणि पुढचा तक्ता भराभर भरत गेला. मला आधी वाटले की धडा हाच आहे, साखळी स्पर्धा दिसली की आधी बेरीज करायची. तोही धडा आहेच. पण मग मी कधीच न उघडलेले ते दोन सेट सोडवायला घेतले आणि त्यातला एक मी नऊ मिनिटांत पूर्ण सोडवला, पाचही उत्तरे बरोबर. तेव्हा लक्षात आले की ते १५ गुण त्या दिवशी माझ्यासमोर, त्याच पडद्यावर, दोन क्लिकच्या अंतरावर पडून होते, आणि मी तिकडे गेलेच नाही. बेरजेची युक्ती त्या दिवशी सुचली नाही यात माझा फारसा दोष नव्हता. परंतु तीन मिनिटे झाली, हाताला काहीही लागले नाही, हे दिसत असताना पुढची चौदा मिनिटे तिथेच बसून राहणे हा निर्णय माझा होता, आणि तो चुकला होता. मॉकच्या उत्तरपत्रिकेत अशा निर्णयाच्या चुकीची कुठेही नोंद होत नाही. तिथे फक्त एक प्रश्न चुकला आणि उणे १, एवढेच दिसते.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी दोनशे पानी वही केली आणि प्रत्येक मॉकला तिची चार-पाच पाने दिली. पद्धत साधी होती, पण वेळखाऊ होती. दोन तासांच्या मॉकला विश्लेषणाचे पाच-सहा तास लागत आणि नोकरीमुळे ते मी रविवारची संध्याकाळ आणि पुढच्या दोन रात्रींत विभागून घेत असे. सर्वांत महत्त्वाचा नियम हा की, दिलेली उत्तरे उघडायच्या आधी चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न वेळेचे बंधन न ठेवता पुन्हा सोडवायचे. उत्तर एकदा बघितले की प्रत्येक प्रश्न सोपा वाटतो आणि आपल्याला काय येत नव्हते हे कळायची संधी कायमची जाते. पुन्हा सोडवताना प्रश्नांची आपोआप विभागणी होते: काही प्रश्न निवांत वेळ मिळूनही सुटत नाहीत, म्हणजे तिथे मूळ संकल्पनाच कच्ची आहे आणि पुस्तकाकडे परत जायला हवे, काही प्रश्न सुटतात पण सात-आठ मिनिटे घेतात, ते परीक्षेत सोडायचेच, आणि काही दीड-दोन मिनिटांत सहज सुटतात. हे तिसऱ्या प्रकारचे, आपण सोडलेले किंवा पाहिलेच नाहीत असे प्रश्न, हे प्रत्येक मॉकमधले खरे नुकसान असते.

वहीतल्या एका पानाचे आकडे देते, म्हणजे मी काय म्हणते आहे ते स्पष्ट होईल. जुलै २०२४ मधला मॉक, गणिताचा विभाग, २२ प्रश्न. मी ११ सोडवले, त्यातले ७ बरोबर, ४ चूक. चुकलेल्यांपैकी एक टीटा होता, त्यामुळे २१ वजा ३, म्हणजे १८ गुण. संध्याकाळी न सोडवलेले ११ प्रश्न घेतले, तर त्यातले ६ प्रत्येकी दोन मिनिटांच्या आत सुटले. आणि जे चार चुकले होते त्यांच्यावर मी मिळून १५ मिनिटे घालवली होती. म्हणजे चाळीसपैकी १५ मिनिटे उणे ३ गुणांसाठी खर्च झाली, आणि तेवढ्याच वेळात मिळू शकणारे १८ गुण शिल्लक राहिले. माझे गणित त्या दिवशी १८ गुणांचे नव्हते, ३६ गुणांचे होते. मी ते चुकीच्या ठिकाणी वापरले होते. हे पान लिहिल्यावर मी ठरवले की पहिली पाच-सहा मिनिटे सगळे २२ प्रश्न नुसते वाचून काढायचे, पाहताक्षणी रस्ता दिसतो ते लगेच करायचे, आणि बाकीच्यांवर मनातल्या मनात "नंतर" किंवा "नको" असा शिक्का मारायचा. सुरुवातीला ती पाच मिनिटे वाया गेल्यासारखी वाटत. चार मॉकनंतर ती वाटेनाशी झाली.

वहीत आणखी एक रकाना होता आणि मला वाटते सर्वांत जास्त फायदा त्याचाच झाला. प्रत्येक प्रश्नासमोर मी लिहीत असे की, हा प्रश्न पहिल्या मिनिटानंतर मला कसा वाटला होता, आणि प्रत्यक्षात तो कसा निघाला. आजकालच्या बहुतेक मॉक मालिकांत प्रत्येक प्रश्नावर गेलेला वेळ सेकंदांत दिसतो, पण डोक्यात काय चालले होते हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. ते मॉक संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कच्च्या कागदावरून आठवून लिहावे लागते. सात-आठ मॉकनंतर मला माझ्याबद्दल काही गोष्टी नक्की कळल्या. भूमितीचे प्रश्न मला आकृती दिसते म्हणून सोपे वाटत आणि तिथेच माझा सर्वाधिक वेळ जाई. याउलट लॉगरिदमचे प्रश्न दिसायला अवघड वाटत म्हणून मी सोडत असे आणि नंतर ते चार ओळींत सुटत. हा अंदाज प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे "भूमिती सोडा, अंकगणित करा" अशा छापाचे जे सल्ले सगळीकडे मिळतात त्यांचा फारसा उपयोग नाही. आपली वहीच आपल्याला ते सांगते.

अंदाजाने उत्तर देण्याविषयीही थोडे लिहिते, कारण त्याबद्दल मुलांच्या मनात अकारण भीती असते. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर चारातून एकदा ३ गुण मिळतात आणि तीनदा एकेक जातो; सरासरी बरोबर शून्य. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले तर सरासरी एक तृतीयांश गुण पदरात पडतो, आणि दोन पर्याय बाद करता आले तर पूर्ण एक गुण. म्हणजे दोन पर्यायांत अडकल्यावर घाबरून प्रश्न कोरा सोडण्यात नुकसान आहे. पण हा हिशेब कागदावरचा झाला. आपण जेव्हा "दोन पर्याय नक्की बाद झाले" असे म्हणतो तेव्हा ते खरोखर बाद झालेले असतात का, हे तपासायला हवे. मी दुसऱ्या वर्षी कच्च्या कागदावर अशा उत्तरांसमोर एक टिंब काढत असे आणि विश्लेषणात फक्त टिंबवाल्या प्रश्नांचा वेगळा हिशेब ठेवत असे. गणितात माझी टिंबे निम्म्याहून जास्त बरोबर येत, इंग्रजीत निम्म्याहून बरीच कमी. त्यामुळे गणितात मी अंदाज लावायला कचरत नसे आणि इंग्रजीत हात आखडता घेत असे. टीटा प्रश्नांत उणे गुण नसले तरी तिथे अंदाज बरोबर निघण्याची शक्यता नगण्य असते आणि वेळ मात्र जातो, हे विसरू नये.

इंग्रजीच्या विभागाचे विश्लेषण मात्र मला सर्वांत कठीण गेले, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ते तसे जाणार हे मी गृहीत धरते. २०२४ मध्ये २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवरचे होते, म्हणजे उतारा समजला नाही तर पुढे फारसे काही उरत नाही. इथे प्रश्न पुन्हा सोडवून भागत नाही, कारण उतारा एकदा वाचलेला असतो. मी असे करत असे की, प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी वहीत दोन वाक्ये लिहायची: बरोबर पर्यायाला आधार देणारे उताऱ्यातले वाक्य कोणते, आणि मी निवडलेल्या पर्यायातला नेमका कोणता शब्द त्याला चूक ठरवतो. ही दोन वाक्ये मराठीत लिहिली तरी चालतात. मी मराठीतच लिहीत असे. महिनाभराने पाने उलटली तेव्हा दिसले की माझे बरेच पर्याय "नेहमी", "फक्त", "सर्व" अशा अर्थाच्या एखाद्या ठाम शब्दामुळे चुकत होते. उतारा जेवढे म्हणत होता त्यापेक्षा जास्त म्हणणारा पर्याय मला आवडत होता. दुसरी चूक अधिक क्लेशदायक होती: लेखकाला कोणते विधान मान्य नसेल असे विचारलेले असताना मी मान्य असलेले विधान निवडून मोकळी होत होते. पहिल्या वर्षी अशा चुकीला मी "बावळटपणा" म्हणून सोडून देत असे आणि ती पुढच्या मॉकमध्ये पुन्हा होई. वहीत मोजल्यावर कळले की ती दर तीन मॉकमागे एकदा होते, आणि मोजल्यामुळेच मला प्रश्नातला नकार कच्च्या कागदावर लिहून ठेवण्याची सवय लावता आली.

या विभागाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. क्लासच्या मॉकमधले उताऱ्यांवरचे प्रश्न पुष्कळदा वादग्रस्त असतात. दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात आणि दिलेले स्पष्टीकरण पटत नाही. गणितात असे सहसा होत नाही. प्रत्यक्ष कॅटच्या प्रश्नपत्रिकांत पर्यायांची घडण फार काटेकोर असते, म्हणून इंग्रजीसाठी जुन्या प्रश्नपत्रिका हेच मला खरे मॉक वाटतात. २०२० पासून परीक्षा एकाच दिवशी तीन सत्रांत होते, त्यामुळे एकेका वर्षाच्या तीन प्रश्नपत्रिका हाताशी असतात. बहुतेक मुले त्या जूनमध्येच सुटे प्रश्न म्हणून सोडवून टाकतात आणि मग शेवटच्या महिन्यात खरी म्हणावी अशी एकही कोरी प्रश्नपत्रिका उरत नाही. निदान अलीकडच्या दोन वर्षांच्या सहा प्रश्नपत्रिका ऑक्टोबरपर्यंत उघडू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता मॉकच्या पर्सेंटाइलविषयी. माझ्या भावाला पहिल्या मॉकमध्ये ५२ पर्सेंटाइल आले आणि त्याची झोप उडाली आहे. त्याला मी सांगितले की तो आकडा त्या मालिकेत त्या आठवड्यात बसलेल्या मुलांच्या तुलनेतला आहे. ती मुले प्रत्यक्ष परीक्षेला बसणाऱ्या सगळ्या मुलांसारखी नसतात, आणि एका मालिकेतले पर्सेंटाइल दुसऱ्या मालिकेशी जोडून बघणेही निरर्थक असते. काठिण्य बदलते तसे गुणही वरखाली होतात. मी दुसऱ्या वर्षी आलेखाचा कागद लावलाच नाही. त्याऐवजी प्रत्येक मॉकमागे दोन आकडे लिहीत असे: सहज सुटणारे असूनही हातून गेलेले प्रश्न किती, आणि सोडायला हवे होते तरी अडकून पडले असे किती. जुलैमध्ये हे आकडे ११ आणि ७ होते, ऑक्टोबरच्या शेवटी ४ आणि २. गुण मात्र त्या काळात दोनदा पडले होते. पहिल्या वर्षीसारखा आलेख असता तर मी त्या दोन पडझडींनी खचले असते.

अभ्यासक्रम पूर्ण झाल्याशिवाय मॉक द्यायचा नाही असे अनेक जण ठरवतात आणि सप्टेंबर उजाडतो. मला हे अजिबात पटत नाही. काहीतरी आठवून बाहेर काढण्याचा प्रयत्न हाच शिकण्याचा भाग असतो, केवळ शिकलेले मोजण्याचा नव्हे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होते, पण आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. पुन्हा वाचले की येते असे वाटते, आणि ते वाटणेच फसवे असते. म्हणून जूनमध्ये पहिला मॉक द्यावा, तो वाईट जाईल हे मान्य करून द्यावा. सप्टेंबरपर्यंत दोन आठवड्यांतून एक, नंतर आठवड्याला एक, आणि मधल्या दिवसांत ज्या विभागाची पाने वहीत जास्त भरली असतील त्याच्या चाळीस मिनिटांच्या सुट्या चाचण्या. नोव्हेंबरमध्ये आठवड्याला दोन झाले तरी चालतील. विश्लेषण पुरे झाल्याशिवाय पुढचा मॉक उघडायचा नाही, ही अट पाळली तर आकडा आपोआप पंधरा ते वीसच्या दरम्यान येतो, आणि माझ्या भावाच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हेच आहे.

इथे महाराष्ट्रातल्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्यापैकी बरेच जण कॅटनंतर राज्याची एमबीए सीईटीही देतात, कारण जमनालाल बजाज, सिडनहॅम किंवा पुणे विद्यापीठाचा पुम्बा या संस्थांची वाट तिकडून जाते. ती परीक्षा अगदी उलट स्वभावाची आहे: मी दिली तेव्हा दीडशे मिनिटांत २०० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, आणि उणे गुण नव्हते. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणे हा तोटाच. बाबांचा सल्ला तिथे शब्दशः लागू पडतो. २०० पैकी ७५ प्रश्न तर्काचे आणि २५ आकृत्यांच्या तर्काचे असल्याने कॅटमध्ये कधीही न भेटलेला प्रकार तिथे समोर येतो. कॅट झाली आहे, सीईटी सहज निघेल, असे समजून मॉक न देता गेलेल्या माझ्या दोन मैत्रिणींचे पन्नास-साठ प्रश्न वाचायचेच राहून गेले. जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या व्यवस्थापन संस्थेची झॅट ही प्रवेश परीक्षा तर तिसऱ्याच तऱ्हेची; तिथे आठपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडले की पुढच्या प्रत्येक कोऱ्या प्रश्नामागे ०.१० गुण जातो. सोडण्याची किंमत प्रत्येक परीक्षेत निराळी आहे, आणि ती किंमत हातात मुरायला त्या त्या परीक्षेचे निदान पाच-सहा मॉक लागतातच.

मॉक कुठे आणि कसा द्यावा यावर फार लिहीत नाही. खोलीत पलंगावर बसून, मध्ये उठून चहा घेऊन दिलेला मॉक धरू नये. मी घराजवळच्या एका अभ्यासिकेत लॅपटॉप घेऊन जात असे, तिथे खुर्च्या सरकण्याचे आणि कुजबुजण्याचे आवाज असत आणि ते मला हवेच होते. गणकयंत्र फक्त पडद्यावरचे, माउसने चालवायचे, हेही घरूनच पाळावे. बोटांना फोनवरच्या गणकयंत्राची सवय असेल तर परीक्षेत साधा भागाकार दुप्पट वेळ घेतो. नोव्हेंबरमध्ये प्रवेशपत्र आले तेव्हा मला दुपारचे साडेबाराचे सत्र मिळाले होते. साडेबारा ते अडीच ही आपली जेवणाची आणि त्यानंतरच्या सुस्तीची वेळ, म्हणून उरलेले सगळे मॉक मी साडेबाराला दिले, साडेदहाला भाजी-पोळी खाऊन. पहिल्या दोन मॉकना दीड वाजता तर्काच्या विभागात डोळे मिटत होते. तिसऱ्यापासून मिटले नाहीत.

२४ नोव्हेंबर २०२४ ला परीक्षेत तर्काचा विभाग उघडला तेव्हा मागच्या वर्षीच्या चारऐवजी पाच सेट समोर आले. मी पाचही वाचले, त्यात साडेचार मिनिटे गेली. दुसरा सेट ओळखीचा वाटला म्हणून सुरू केला, तीन मिनिटांनी हाताला काही लागले नाही, आणि मी तो सोडला. कच्च्या कागदावर त्या सेटसाठी काढलेला अर्धवट तक्ता आणि त्यावर मारलेली आडवी रेघ मला अजून डोळ्यांसमोर दिसते. नंतर तीन सेट झाले, चौथ्याचे दोन प्रश्न झाले, आणि तो सोडलेला सेट चाळीस मिनिटे संपेपर्यंत मी पुन्हा उघडला नाही.

काल रात्री भावाने त्याच्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. चौदाव्या प्रश्नासमोर त्याने ६ मिनिटे ४० सेकंद असे लिहून लाल शाईने गोल केला आहे आणि पुढे लिहिले आहे, "पहिल्या मिनिटाला वाटले होते, येईल." त्याच्या खालच्या ओळीत अठरावा प्रश्न आहे, जो त्याने मॉकमध्ये पाहिलाच नव्हता, आणि त्याच्यासमोर वेळ लिहिली आहे: १ मिनिट १० सेकंद.